फळ्यावरची तंतुकणिका

मंदाकिनीबाईंनी साताऱ्याच्या शाळेत एकतीस वर्षं पेशीतली तंतुकणिका, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, फळ्यावर काढली. गुलाबी खडूने घेवड्याच्या बीसारखा आकार, आत नागमोडी घड्या. एकदा प्रमिला नावाच्या मुलीने उभं राहून विचारलं, "बाई, तुम्ही स्वतः पाहिलीय?"

बाई "हो" म्हणून गेल्या. शाळेच्या सूक्ष्मदर्शकात कांद्याच्या पेशी दिसत, आयोडीन घातलं की केंद्रक दिसे. त्यापुढचं सगळं पुस्तकाच्या भरवशावर. ते "हो" त्यांना सत्तरी उलटली तरी टोचत होतं.

म्हणून कॅनडात व्हिटबीला लेकीकडे आल्या तशी त्यांनी नातीकडे, जाईकडे, एकच हट्ट धरला: खरी तंतुकणिका दाखव. जाई टोरोंटोच्या प्रयोगशाळेत काम करायची. गो नावाच्या लोकल ट्रेनने दोघी गेल्या आणि बेसमेंटमधल्या खोलीत शिरल्या. तिथे सूक्ष्मदर्शक म्हणून पुरुषभर उंचीचं नळकांडं उभं होतं. बाईंनी सवयीने चष्मा काढला, एक डोळा मिटला आणि दुसरा लावायची जागा शोधू लागल्या.

"आजी, तिथे काही नाहीये," जाई हसू दाबत म्हणाली. "स्क्रीनवर बघायचं. यात लाइट नसतो, इलेक्ट्रॉन असतात."

"का? प्रकाशाने काय घोडं मारलंय?"

"त्याची वेव्ह जाड पडते. जाड बोटांनी खसखस निवडता येते का?"

उंदराच्या यकृताचा काप हिऱ्याच्या सुरीने घेतला होता. असे हजार रचावेत तेव्हा कुठे केसाएवढी जाडी. वरच्या रस्त्याने स्ट्रीटकार, तिथली ट्राम, गेली, पडद्यावरचं चित्र शहारलं आणि स्थिरावलं.

एक नव्हे, पेशीभर तंतुकणिका होत्या. काकडी उभी-आडवी चिरावी तशा, काही लांबट, काही गोल. आणि प्रत्येकीत त्या घड्या. बाई पडद्याजवळ वाकल्या.

"गुलाबी नाहीत गं."

"इलेक्ट्रॉनला कलर नसतो. आम्ही शिसं लावतो. ते चिकटतं तिथे काळं. म्हणजे ही शॅडोच आहे."

"सावली तर सावली." बाई पडद्यावरची नजर काढेनात. "मी एका मुलीला खोटं सांगितलं होतं, जाई. पाहिलीय म्हणून."

"पण ड्रॉइंग बरोबर होतं ना?"

"बरोबर होतं. पण मी आपली पाचच घड्या काढायचे." त्या मोजू लागल्या, तेराला चुकल्या, पुन्हा पहिल्यापासून मोजू लागल्या.

"पुढे सरकवू?"

"थांब जरा. आता 'हो' म्हणायचंय. नीट बघून घेऊ दे."