तुरीतला हाक्या

किन्हीराजाच्या शिवारात सोयाबीनची सोंगणी जोरात होती. राखीच्या हातात विळा, पण जीव सगळा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर. तिथे बाभळीच्या सावलीत तिची पाच वर्षांची तनू बसलेली. धुऱ्यापलीकडे डोक्याच्या वर गेलेली तूर आणि तुरीत बिनकठड्याची विहीर. पोरगी तिकडे फिरकू नये म्हणून राखीने मोठी नामी युक्ती काढली होती.

"तुरीत हाक्या रायते," ती रोज बजावायची. "मायच्या आवाजात हाक मारते. ओ देली का धरलंच तुले!"

शेजारच्या पातीवरची रूपला तडकली. "काहून भेव घालून राह्यली वं लेकराले? इहीर दाखव, पडलं का मानूस मरते म्हनून सांग. उगी नाई ते मनात कायले भरतं?"

"तुले बोलाले काय जाते? पोरं मोठी झाली तुयी. माही पाय, कशी मुकाट बसते!"

बसायची खरी. हल्ली हसायचीही नाही, झोपेत दचकून अंथरूण ओलं करायची. पण कामाच्या धांदलीत राखीला तिचं गप्प राहणं म्हणजे शहाणपणच वाटे.

दुपारी राखी कळशी घेऊन विहिरीवर गेली. परतताना तुरीच्या फांद्यांतून दिसलं, सावली सरकली होती आणि पोर भर उन्हात बसली होती. राहवलं नाही मायला. तिथूनच ओरडली, "तनू! उन्हातून ऊठ वं, इकडं ये!"

ती धुऱ्यावर पोचली तेव्हा तिथे नुसती एक चप्पल पडली होती.

बाया विळे टाकून धावल्या. सासरे जगदेव यांनी विहिरीत गळ सोडला. पाणी काळंभोर, वर काहीच येईना. आभाळही भरून आलं. राखी तुरीत वेड्यासारखी हाका मारत फिरली. ती जितकी ओरडे, तितकं रान चिडीचूप होई.

रूपलानं तिचं मनगट धरलं. "मघा कुठून हाक मारली होती तिले?"

"तुरीतून..." म्हणता म्हणता राखीला आपलंच रोजचं बजावणं आठवलं.

"मंग आता गप राय. तू बोंबलशीन तशी ते अजून लपन."

सगळे थांबले. तेव्हा कुठे जगदेवांना सोंगून रचलेल्या सोयाबीनच्या सुडीवरची ताडपत्री हलताना दिसली. त्यांनी ती ओढून काढली. आत तनू घामाने निथळत, दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून बसली होती.

जिवंत होती! राखी हात पसरून, रडत धावली.

तनू किंचाळली आणि आज्याच्या धोतराला गच्च बिलगली.

"आबा, ओ देऊ नको! हाक्यानं आज मायची साडी बी घातली."