थंडीतले आकडे

सुलेखाला आताशा त्या दलदलीचं नाव काढलं तरी थकवा यायचा. अलास्कातली दलदल, वर्षातले सात महिने गोठलेली. तिच्यातून मिथेन हा हवा तापवणारा वायू किती सुटतो हे तिथल्या एका मनोऱ्यावरचं मशीन मोजायचं, आणि दूर बेलव्ह्यू शहरात बसून त्या आकड्यांची साफसफाई सुलेखा करायची. नऊ वर्षं हेच. उद्या अहवाल जायचा होता: हवा तापली तरी दलदल अजून फारसा मिथेन सोडत नाही, तूर्त काळजी नसावी.

आणि आज, एक आलेख जरा सुबक करावा म्हणून तिने टाकून दिलेले आकडे उघडले. थंडीत आकडा एकदम उसळला की मशीन गारठलं असं समजून तो टाकायचा, हा नियम तिनेच पहिल्या वर्षी प्रोग्राममध्ये घातला होता. प्रोग्राम बिचारा इमानेइतबारे टाकत राहिला. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय! टाकलेले आकडे दर वर्षी त्याच आठवड्यांत उसळले होते, जमीन गोठायला लागते तेव्हा, आणि दर वर्षी आधीपेक्षा जास्त. बिघडलेलं मशीन इतक्या शिस्तीत बिघडत नाही; म्हणजे तो मिथेन खराच होता.

गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? झाकली मूठ सव्वा लाखाची. बोललं तर नऊ वर्षांचं काम पाण्यात. तिला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त कंटाळा आला.

तिने अनिकाला फोन लावला. अनिका मैत्रिणीची मुलगी, परदेशातच, आयसेलिनला वाढलेली. मनोऱ्यावरची नोकरी तिला सुलेखानेच मिळवून दिली होती. उणे तीस अंशांत मशीन तपासायला तीच जायची.

“हिवाळ्यात मशीन खरंच बिघडायचं का गं?”

“नो, मावशी. नेव्हर. मी एव्हरी टाइम चेक केलं.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले होते. फर्स्ट विंटर. तू म्हणालीस, बाळा, थंडीत मशीनचं ऐकायचं नसतं. आय वॉज ट्वेंटी-टू. मी तुझं ऐकलं.”

सुलेखाला ते बोलणं आठवतसुद्धा नव्हतं.

फोन ठेवून ती अहवाल थांबवायचा मेल लिहायला बसली. ‘प्रोग्राममधल्या चुकीमुळे’ असं लिहून झालं. ते तिने खोडलं, तिथे स्वतःचं नाव घातलं, आणि मेल पाठवून दिला.