पोत्याच्या तोंडाशी

गोदामातलं नायट्रेट तापवल्यावर किती अंशांना फुटून ऑक्सिजन सोडतं, हे पाहणं माझं काम. बारा वर्षं मी नमुना पोत्याच्या तोंडाशीच घेतला. तिथला माल स्वच्छ. थप्पीच्या तळातल्या पोत्यांत हात घालून कपडे कोण मळवणार? शेरा ठरलेला: सुरक्षित.

गेल्या महिन्यात गोदाम पेटलं. तिथे हमाली करणारा माझा थोरला भाऊ आतच राहिला.

आज आगीतून वाचलेल्या कोपऱ्यातलं, लाकडाचा भुसा मिसळलेलं नायट्रेट तापवलं. आलेखाची रेघ कितीतरी अंश आधीच उसळली.

घरी वहिनीने विचारलं, "भाऊजी, खालची पोती फाटून माल जमिनीवरच्या भुशात सांडतोय, हे ह्यांनी तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

सांगितलं होतं. मीच म्हणालो होतो, "दादा, तू ओझी वाहा. मला रसायनशास्त्र शिकवू नकोस."