शेवटची ओळ

"ताप चढत असला की घडीघडीला कपाळाला हात लावायचा. उतरला की निजू द्यायचं लेकराला. उगाच चाचपत बसू नये."

आत्या आईला सांगत होती आणि ते तापलेलं लेकरू अंथरुणात पडून ऐकत होतं. पुढे लेकरू प्रोग्रामर झालं, आणि रक्तपेढीच्या कोल्ड रूमसाठी प्रोग्राम लिहिताना त्यानं आत्याचीच रीत उचलली. खोली गार असेल तर तापमान अर्ध्या तासानं बघायचं, आकडा हलला की पाच मिनिटांनी, चढू लागला की मिनिटामिनिटाला, आणि वर भोंगा. घड्याळाचे ठरलेले ठोके नव्हतेच. तापमान बघायच्या प्रत्येक फेरीनं आपलं काम उरकायचं आणि जाता जाता पुढच्या फेरीची वेळ नेमून द्यायची.

कोल्ड रूमच्या ऑपरेटरना सगळेच मामा म्हणत. ते हसले होते. "म्हणजे मी आता नुसता स्टुलावर वजन ठेवायला?"

"पडद्यावरचा आकडा वहीत उतरवा, मामा. दार मात्र उघडू नका. गारवा पळतो."

एका रविवारी सकाळी तापमापकाची वायर सैल झाली. फेरी निघाली, तिला आकडा मिळेना, ती अर्ध्या वाटेतच कोसळली. पुढची वेळ नेमायची ओळ त्यानं अगदी शेवटी लिहिली होती, तिथवर कुणी पोचलंच नाही. दुपारी थंडाव्याचं मशीन बंद पडलं तेव्हा बघायला फेरी नव्हती, ओरडायला भोंगा नव्हता. पडद्यावर मात्र सकाळचे चार अंश हिरवेगार. मामांनी तासातासाला वहीत चार लिहिलं. सोमवारी रक्ताच्या एकशेदहा पिशव्या टाकून द्याव्या लागल्या.

त्याच दिवशी प्रोग्रामरला आपली चूक दिसली. ती ओळ खालून उचलून त्यानं वर ठेवली. दहा मिनिटांचं काम. बोलला कुणाला नाही.

गुरुवारी पेढीच्या डॉक्टरबाईंनी मामांना आणि त्याला बोलावलं. टेबलावर वही उघडी होती.

"आत न बघताच आकडे लिहिलेत, मामा?"

"लिहिले, बाई."

"का पण?"

"वय झालं," मामा म्हणाले. त्याच्याकडे त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही.

"उद्यापासून येऊ नका. पत्र देते मी."

बाहेर बाकावर मामा चष्मा पुसत बसले. निवृत्तीला आठ महिने राहिले होते.

"आता घरच्या फ्रीजवर नजर ठेवतो," ते म्हणाले. "तिथं दार तरी उघडता येतं."

तो शेजारी टेकला. "मामा, माझं नाव का नाही घेतलंत?"

"तुम्ही समोरच बसला होतात की. मी कशाला सांगायचं?"

रागानं म्हणाले असते तर सोपं गेलं असतं. मामांनी चष्मा चढवला, काच अजून धुरकट वाटली म्हणून पुन्हा काढला. तो उठला. आत डॉक्टरबाई पत्राचा मायना लिहीत होत्या.

"काही राहिलं का?"

"हो, बाई. दार उघडू नका म्हणून मामांना मीच सांगितलं होतं. आणि प्रोग्राम थांबला तो माझ्या चुकीनं." तो दारातून टेबलापाशी आला. "मला हे सोमवारपासून माहीत होतं."