जातो म्हणू नये

माझा चुलतभाऊ इंद्रजीत नवी एसयूव्ही घेतल्यापासून डोकं खात होता. त्याची गाडी म्हणे पाच सेकंदांत शंभरचा वेग गाठते. माझीपण गाठते, फक्त मी ते धायरीभर सांगत फिरत नाही. शेवटी रविवारी सकाळी गावामागच्या, अजून चालू न झालेल्या रस्त्यावर दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या.

त्याच्या आईने, सरूकाकीने, दोन्ही गाड्यांना हळद-कुंकू वाहिलं आणि चाकांखाली लिंबं ठेवली.

"जातो गं," इंद्रजीत म्हणाला.

"जातो म्हणू न्हाई. येतो म्हण."

"शर्यत आहे आई, यायचं कशाला? जातो!"

काकीने रुमाल खाली केला. माझ्या चाकांखाली लिंबं फुटली. शंभरला तो माझ्या पुढे होता. दोनशेला मला त्याचे फक्त मागचे लाल दिवे दिसत होते, आणि माझी गाडी दोनशेच्या वर जाईना. चिडून मी रस्त्याच्या टोकाला पोचलो. पुढे मातीचा ढीग होता. इंद्रजीत कुठेच नव्हता.

मी काकीला फोन लावला. "तुझे चिरंजीव कुठे गायब झाले?"

"आरं, हितंच हाय की! तू एकटाच गेलास. त्याची गाडी जागची हलली न्हाई, लिंबं आख्खी हायेत." मग तिचा आवाज बारीक झाला. "पर किती हाका मारल्या. नुसता समोर बघत बसलाय. डोळंसुदिक मिटंना."

माझ्यासमोर, ढिगापाशी, त्याच्या गाडीने उडवलेली धूळ अजून खाली बसत होती.