मी मोजलेले खुरटे मासे

मित्रांनो, मासे मोजायची लाकडी फळी तुम्ही कधी पाहिली नसेल. ती मी. माझ्या अंगावर आकडे कोरलेले आहेत आणि एका टोकाला माशाचं तोंड टेकवायला आडवी पट्टी आहे. नदीकाठच्या मत्स्यकेंद्रातल्या मोजणीदारांनी मला स्वतः तासून बनवलं. त्यांची मुलगीही पुढे तिथेच कामाला लागली. ती त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही बाबाच म्हणते.

बाबा आधी मला पाण्यात भिजवत, कारण कोरड्या फळीवर माशाचं अंग सोलवटतं. मोजून झालं की पिल्लाला अलगद सोडत आणि म्हणत, "जा बाळा, समुद्र बघून ये." ती पिल्लं खरंच समुद्रात जाऊन मोठी होत आणि अंडी घालायला याच नदीत परतत.

दरवर्षी वर्षभराची पिल्लं माझ्यावर ठेवली जात. मोठ्या पात्रातली चांगली टपोरी असत. शेजारच्या ओढ्यातली, गार पाण्यातली आणि झाडांच्या सावलीतली, जेमतेम बोटभर. "हा ओढा पोरांना उपाशी मारतोय," असं म्हणून बाबांनी वर तसा अहवाल दिला. मग झाडं तोडली, दगड उपसले, ओढा सरळ करून पात्रात वळवला. माझ्या आकड्यांचं तेव्हा केवढं कौतुक झालं! मी हुरळून गेले होते. आता त्याची लाज वाटते.

त्यानंतरची सगळी पिल्लं भराभर वाढली आणि वर्षभरातच समुद्राकडे निघाली. परत आली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पुढे तीही येईनाशी झाली.

मुलीने जुन्या, परतलेल्या माशांचे जपून ठेवलेले खवले काढले. झाडाच्या खोडासारखी त्यांच्यावरही वाढीची वर्तुळं असतात. परतलेल्या बहुतेकांची पहिली तीन वर्तुळं अगदी दाट, म्हणजे सावकाश वाढीची होती; ते खवले तिने बाबांसमोर ठेवले.

"बाबा, परत येणारे बहुतेक ओढ्यातलेच होते. तीन वर्षं सावकाश वाढून, दणकट होऊनच ते निघायचे. आपण मोजले फक्त पहिल्या वर्षाचे."

"म्हणजे मीच घालवले गं त्यांना?"



निवृत्तीनंतरही मासे परतायच्या दिवसांत बाबा काठावर येत. मला भिजवून मांडीवर घेत. मी वाळले की पुन्हा भिजवत. यंदा बाबा नाहीत. मुलीने ओढ्याला जुनी वाट करून दिली आहे, काठावर रोपं लावली आहेत. ती अजून माझ्याएवढीही झालेली नाहीत.

मित्रांनो, सावकाश वाढणाऱ्याला खुरटा म्हणून त्याचं घर मोडू नका. तो किती वाढला हे मी सांगू शकते, पण त्याला अजून किती वाढायचं आहे हे मला कधीच सांगता आलं नाही.

आज सकाळी मुलीने मला भिजवलं. दुपारी मी वाळले. तिने पुन्हा भिजवलं.