पोट साफ

"अण्णा, दार उघडा."

"थांब रे, नळ बघतोय."

नळाला काही झालं नव्हतं. आतला आवाज बाहेर येऊ नये म्हणून सोडलेला होता. अण्णा, माझे वडील, प्लंबर. अख्ख्या गल्लीच्या तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या केलेला माणूस, आणि सकाळपासून स्वतःच संडासात अडकलेला.

बाहेर आले ते भिंत धरून. मी हात धरला तर चटकाच बसला.

"ताप आहे तुम्हाला!"

"केमोची गरमी आहे ती. डोकं नको खाऊ."

मी ऐकलं नाही. शेजाऱ्याची गाडी मागितली, घातलं त्यात.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी पोट दाबलं. अण्णा कळवळले.

"परवा फोनवर विचारलं, तर पोट साफ होतंय म्हणालात ना?"

"होतंच होतं की. एकदम साफ. दिवसभर."

"म्हणजे जुलाब?"

अण्णांनी मान डोलावली. "वाहतंय तोवर चांगलं, ताई. तुंबलं की घात. आमच्या धंद्यात तरी असंच."

बाईंना हसू आलं, पण टिकलं नाही. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "केमोने पांढऱ्या पेशी पार उतरल्यात. आतड्यात जंतू शिरलेत आणि आत लढायला कोणी नाही. आता जुलाब झाला, पोट दुखलं, की लगेच कळायला हवं. यांनी पुन्हा लपवलं तर हाताबाहेर जाईल."

सलाईन लागलं. अँटिबायोटिक लागलं. मी स्टुलावर बसून धुमसत होतो.

"सांगायला काय झालं होतं?"

"काय सांगू? तुझा बाप चड्डीत करतो म्हणून?"

"माझी नाही का धुतलीत तुम्ही?"

"तू एवढासा होतास. मी साडेपाच फूट आहे."

दोघंही थोडं हसलो. मग त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

दुपारी बसल्या बसल्या माझा डोळा लागला.

"अरे."

मी दचकून उठलो.

"झालंय." हळू नाही, शेजारच्या खाटेलाही ऐकू जाईल असं म्हणाले. "आणि पोट दुखतंय. बाईंना सांग."

मी पळत जाऊन सांगून आलो. "साफ करायला वॉर्डातल्या मावशींना बोलावू?"

"नको. तूच कर."

पडदा ओढला. हातमोजे घातले. कोमट पाण्यात फडका पिळला. अण्णांनी चादर मुठीत घट्ट धरली होती. ती सोडली. डोळ्यांवर हात आडवा घेतला आणि जमेल तेवढे कुशीवर वळले.